प्रितेशची दादरची जागा

लालबाग,
१२ जानेवारी २०२५

चि. अनुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. पाकिटावर सवयीने 'चि. सौ.' लिहायला गेले आणि हात थांबला. मग नुसतं 'चि.' लिहिलं. प्रितेशला जाऊन दीड वर्ष झालं तरी हाताला अजून कळत नाही बघ.

पत्र कशाला, तर फोनवर मला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. डावा कान कामातून गेला, उजवा जाईन जाईन म्हणतोय. मला वाटतं मी हळू बोलतेय, आणि पलीकडच्या खोलीतून पुतळाबाई उत्तर देते. परवा तुला विचारलं, क्लिनिकचं काय ठरवलंस, तर तू घाईघाईत फोन ठेवलास. संध्याकाळी नळावर तिघींनी मला विचारलं, कसलं गो क्लिनिक? असले विषय सुनेशी गॅलरीतून ओरडून बोलायचे नसतात, एवढं मलाही कळतं. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली.

तर विचारते ते असं. प्रितेशने आजारपणात दादरला जे ठेवून दिलंय, ते नीट आहे ना? डॉक्टर म्हणाले होते की एकदा ती जहाल औषधं सुरू झाली की पुढे मूल होईलच असं सांगता येत नाही, तेव्हा आधीच बीज काढून ठेवा. त्याने ठेवलं, आणि माझ्यामागे अनुजा ठरवील असं लिहूनही दिलं. दर वर्षी ते तुला विचारतात ना, ठेवायचं की नाही? यंदा काय सांगितलंस?

मी बर्फातला मासा जन्मात घेतला नाही. बाजारात कोळणीने बर्फाच्या पाटीला हात घातला की मी पुढे. तेव्हा मला काळजी वाटणारच. इतकी वर्षं गारठ्यात राहून ते चांगलं राहतं का, हे एकदा डॉक्टरांना विचार.

आणि रागावू नकोस, पण माझ्या डोक्यावर तो शब्द आहे. दहाव्याला बाणगंगेवर काय झालं ते तू पाहिलंस. उन्मेषने पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. चुलत भाऊ असून त्या पोराने हात जोडून जोडून काय काय कबूल केलं. काकीला बघीन, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी मी पुढे झाले आणि म्हटलं, "झिला, तुझा पोर मी ह्या घरात आणीन." तेव्हा शिवला. आता गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मी मोडायचा कसा, तूच सांग.

काल मसाल्याच्या गल्लीतून आले. मिरच्या कुटत होते, नुसता खकाणा. प्रितेश लहान असताना त्या गल्लीत शिरला की त्याच्या शिंका सुरू व्हायच्या त्या पार आपल्या जिन्यापर्यंत. तेव्हा गावचे गाळेकरी, एका खोलीत मिळून राहणारे गिरणी कामगार, आपल्याकडे जेवायला असत. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की मी भाकऱ्या थापायला बसायची, आणि हा पोळपाटाशी बसून प्रत्येक येणाऱ्याच्या ताटात एक शिंक टाकायचा. तुझे सासरे म्हणायचे, ह्याला साचेखात्यात घालू नका, सगळे धागे तोडील. काल त्या गल्लीत मी मुद्दाम दोन मिनिटं उभी राहिले. मला शिंक आली नाही, रडू आलं.

तिळाचे लाडू उन्मेषकडे देतेय. उत्तर पत्रानेच पाठव.

तुझी,
आई


वडाळा,
२६ जानेवारी २०२५

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात दोनदा वाचलं. हसले पण, डोळे पण पुसले. लाडू मस्त झालेत, उन्मेष भावोजींनी निम्मे वाटेतच संपवलेत असा मला दाट संशय आहे.

ते नीट आहे. तुमच्या बर्फाच्या पाटीसारखं नसतं ते. नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात, तिथे काही खराब होत नाही. यंदाही ठेवायला सांगितलंय. पुढचं मी अजून ठरवलेलं नाही. ठरवलं की तुम्हालाच पहिल्यांदा सांगेन.

तो दिवस तुम्हाला कधी सांगितला नाही ना? परळच्या हॉस्पिटलमधून आम्ही थेट दादरला गेलो. प्रितेशचा चेहरा असा झाला होता, की शाळेत पट्टी खायला निघालाय. क्लिनिकमध्ये सगळी जोडपी खाली मान घालून बसलेली. हा आत गेला, बाहेर आला, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "अनु, बापाचं आयुष्य लालबागच्या दहा बाय बारात गेलं. माझंही तिथेच चाललंय. पण बघ, आज दादरला आपली जागा झाली. एसी पण आहे." मला हसू आवरेना. सगळी जोडपी बघायला लागली. मग आम्ही रस्त्यापलीकडे जाऊन पियूष प्यायलो. त्याने दोन घेतले. तुम्ही म्हणाल, आजारी माणसाला थंड कशाला दिलंस. पण त्या दिवशी तो आजारी नव्हताच. करी रोडच्या टॉवरमध्ये तासभर लिफ्टमध्ये अडकलेल्या म्हातारीला बाहेर काढून आला की जसा मिरवायचा, तसा मिरवत होता.

बाबा जिथे साचा चालवायचे त्याच गिरणीच्या जागेवर तो टॉवर उभा आहे, हे तो प्रत्येकाला सांगायचा. लिफ्ट दुरुस्त करताना सुद्धा. लोकांना घाई असायची, आणि ह्याचं सुरू, "साहेब, इथे माझ्या वडिलांचा साचा होता." मी कितीदा म्हटलं, अरे आधी लिफ्ट चालू कर.

आठवण येते. दादरहून जाताना बस क्लिनिकच्या रस्त्याला वळली की अजून मी खिडकीतून बघते.

तब्येतीला जपा. कानाच्या डॉक्टरकडे जाऊया का?

आपली,
अनुजा


लालबाग,
१० मार्च २०२५

चि. अनुजा हिस,
आशीर्वाद.

आधीच सांगते, मी एक काम करून आलेय आणि तू रागावणार आहेस. मी दादरला क्लिनिकवर गेले होते.

तुझ्या पत्रात त्याची दादरची जागा वाचली आणि मला चैन पडेना. म्हटलं, पोराची जागा झाली आणि आईने बघितली नाही, असं कसं? नारळ घेतला, खडीसाखर घेतली, चांगलं लुगडं नेसले आणि निघाले. मला वाटलं हॉस्पिटलात भेटायची वेळ असते तशी असेल. चार ते सहा.

तिथे काउंटरवर दीपिका म्हणून एक मुलगी आहे, गोड आहे. तिला म्हटलं, "बाय, माझ्या मुलाचं बीज इथे ठेवलंय, मला लांबून दाखव, हात लावणार नाही." मी आपलं हळूच म्हटलं. पण ती मुलगी उठून उभीच राहिली, आणि बसलेली सगळी जोडपी माझ्याकडे बघायला लागली. एक नवरा तर उठून बाहेर गेला. दीपिकाने मला बाजूच्या खोलीत नेलं, पाणी दिलं. म्हणाली, "आजी, इथे कोणाचं काय आहे ते आम्ही कोणालाच सांगत नाही, आईला सुद्धा नाही." मी म्हटलं, बरोबर आहे, सांगू नकोस, फक्त टाकी दाखव. तर तेही नाही. मग विचारलं, आत थंडी किती? म्हणाली, शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे. म्हटलं, बर्फाहून जास्त? तर म्हणते, "आजी, तिथे बर्फाला पण हुडहुडी भरेल."

मला एकदम कसंतरी झालं गो. प्रितेशला थंडी सोसायची नाही. डिसेंबरात सुद्धा दोन चादरी लागायच्या, आणि पहाटे माझ्या अंगावरची तिसरी ओढायचा. मला ठाऊक आहे की तो तिथे नाही. मी काही खुळी नाही. पण आईच्या पोटाला ते समजत नाही. मी नारळ तिथेच काउंटरवर ठेवला आणि आले. दीपिका नको नको म्हणत होती.

आता लेकी, स्पष्ट विचारते. कधीपर्यंत ठेवणार? तुझंही वय थांबत नाही, माझंही नाही. माझ्या हातापायात बळ आहे तोवर पोराला न्हाऊ-माखू घालीन, तू खुशाल ऑफिसला जा. खोलीत पाळण्याचा हूक अजून आढ्याला आहे. पुतळाबाई म्हणते, काढून टाक, डोक्याला लागतो. मी म्हटलं, राहू दे.

तुझी,
आई


वडाळा,
१९ मार्च २०२५

ती. आईंना,
सा. न.

आई, प्लीज पुन्हा तिथे जाऊ नका. दीपिकाने काही सांगितलं नाही, पण मी गेले तर काउंटरवर नारळ ठेवलेला होता आणि मला लगेच कळलं. लिफ्टमध्ये एकटी होते, खूप हसले. आणि खाली येईपर्यंत रडत होते.

मला थोडा वेळ द्या. मार्च अखेर आहे, ऑफिसात ऑडिट चालू आहे, घरी यायला नऊ वाजतात. एप्रिलमध्ये मसाल्याच्या वेळी मला यायला जमेल असं वाटत नाही. मिरच्या तुम्ही पुतळाबाईंबरोबर आणा, एकट्या उचलू नका.

हुकाचं म्हणाल तर राहू दे. पण त्याच्याकडे सारखं बघत बसू नका.

आपली,
अनुजा


लालबाग,
२० जुलै २०२५

अनुजा,

चार महिने झाले. मसाल्याला आली नाहीस, समजून घेतलं. आंब्याची पेटी गावाहून आली, उन्मेषकडे पाठवली, तुझा फोन नाही, समजून घेतलं. पण परवा प्रितेशचं श्राद्ध होतं. बारा माणसं जेवून गेली आणि बायको नाही. भटजींनी विचारलं, सूनबाई? मी म्हटलं, बरं नाही तिला. खोटं बोलले. श्राद्धाच्या दिवशी खोटं बोलले.

आता जे ऐकलं ते विचारल्याशिवाय राहवत नाही. श्राद्धाच्या आधीच्या शनिवारी पुतळाबाईने तुला हिंदमाताच्या सिग्नलला पाहिलं. एका माणसाच्या गाडीत, पुढे बसलेली, डोळे मिटून मान मागे टाकलेली. तिने हाक मारली तर तू बघितलं सुद्धा नाहीस. ती आल्या आल्या सगळ्या मजल्याला सांगत सुटली. मी तिला झापलं. पण मनातून जाईना.

मी जुन्या वळणाची असेन, पण दगड नाही. तू छत्तीसची आहेस. दुसरं लग्न करायचं असेल तर कर बाय. मी आड येणार नाही. उलट तुझ्या आईच्या जागी उभी राहीन. पण मग मला तोंडावर सांग. 'वेळ द्या, वेळ द्या' करून म्हातारीला हुकाकडे बघत बसवू नकोस. मी त्याला शब्द दिलाय, आणि माझा शब्द पुरा करायला माझ्या हातात काहीच नाही. सगळं तुझ्या हातात. ह्याचा मला फार राग येतो. तुझा नाही. परिस्थितीचा म्हण हवं तर. नाही, थोडा तुझाही येतो.

श्राद्धाला त्याच्या आवडीची काळ्या वाटाण्याची आमटी केली होती. तो लहानपणी त्यात वडा बुडवून ठेवायचा, आणि फुगला की म्हणायचा, बघ आई, गरोदर झाला. मी पाठीत धपाटा घालायची. ह्या वेळी उन्मेषने वडा बुडवला आणि फुगेपर्यंत न खाता तसाच बघत बसला.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी समजेन ते समजेन.

आई


वडाळा,
२७ जुलै २०२५

ती. आईंना,
सा. न.

गाडीतला माणूस विनीत. माझ्या ऑफिसात आहे. त्याला बायको आहे, दोन मुली आहेत, आणि त्या दिवशी त्याने माझी फक्त हमाली केली. मी क्लिनिकमधून येत होते आणि मला टॅक्सी शोधण्याइतकं उभं राहवत नव्हतं. पुतळाबाईंच्या तोंडून अर्धं कळण्यापेक्षा आता माझ्याकडूनच पूर्ण ऐका.

प्रितेशने तीन कुप्या ठेवल्या होत्या. औषधं सुरू व्हायच्या आत तेवढंच जमलं. तुम्ही नारळ ठेवून आलात ना, त्याच आठवड्यात मी उपचार सुरू केले. ऑडिट खोटं नव्हतं, पण ऑडिटच्या टेबलाखाली मी पोटात इंजेक्शनं घेत होते. एप्रिलमध्ये पहिली कुपी वापरली. काही झालं नाही. मेच्या अखेरीस दुसरी वापरली. आणि आई, राहिलं.

मी कोणाला बोलले नाही. तुम्हाला श्राद्धाच्या दिवशी येऊन सांगायचं ठरवलं होतं. त्याच्या फोटोसमोर, सगळी माणसं गेल्यावर. पेढे सुद्धा तेव्हाच घ्यायचे ठरवलं होतं. श्राद्धाच्या आधीच्या शनिवारी सकाळी पोटात दुखायला लागलं. दुपारी सगळं संपलं. विनीत मला सोडत होता तेव्हा पुतळाबाईंनी हाक मारली. ऐकली मी. बघितलं नाही. श्राद्धाच्या दिवशी मी इथे भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि तुम्ही भटजींना खोटं सांगितलं नाहीत. मला खरंच बरं नव्हतं.

आता तुम्हाला राग येईल ते लिहिते. बाणगंगेवर त्या दिवशी मी तुमच्या मागे छत्री धरून उभी होते. एवढा पाऊस होता की कावळेच नव्हते. तुम्ही पुढे झालात, ते बोललात, आणि त्याच वेळी पाऊस थांबला. मग कावळा आला. सगळ्यांनी हात जोडले. पुतळाबाई रडल्या. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, आई. माझ्या पोटाचा शब्द दिला गेला आणि मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. त्यानंतर गॅलरीतून पाण्याची बादली घेऊन जाताना सुद्धा सगळ्यांचे डोळे माझ्या पोटावर. 'काय गो, कधी?' म्हणून मी वडाळ्याला आले. ऑफिस जवळ पडतं हे कारण मी तुम्हाला पटवलं. माझगावच्या ऑफिसला लालबागहून पण तेवढाच वेळ लागतो. तुम्हालाही ते ठाऊक होतं, मला वाटतं.

तुम्ही वाईट नाही. तुमचा मुलगा समोर पिंड होऊन बसला होता. त्या वेळी तुम्ही चंद्रसुद्धा कबूल केला असता.

आता एक कुपी उरलीय. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिन्यांनी परत बघू. मी फार दमलेय.

अनुजा


वडाळा,
२४ ऑगस्ट २०२५

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

माझ्या पत्राला तुम्ही उत्तर लिहिलं नाहीत, पिशवी घेऊन दारातच आलात. तुम्ही गेल्यापासून घर एकदम मोठं वाटतंय. पेजेचं पातेलं अजून मी वर ठेवलेलं नाही.

त्या दिवसांत तुम्ही एकदाही काही विचारलं नाहीत. मला डिंकाचे लाडू चारलेत, पाय चेपलेत, माझ्या सोसायटीच्या वॉचमनला बांगडा कसा ओळखायचा ते शिकवलंत. मला वाटत होतं, आज विचारतील, उद्या विचारतील. शेवटी स्टेशनवर तुम्ही फक्त म्हणालात, "तुला वाटेल तेव्हा लिही." तर लिहिते.

दोन्ही वेळा त्या टेबलावर पडल्यावर मी डोळे मिटून बाळाचा चेहरा आणायचा प्रयत्न करत होते. बाळ येतच नव्हतं. प्रितेश यायचा. पियूषची मिशी पुसणारा. लिफ्टच्या खड्ड्यातून 'अनु, टॉर्च दे' म्हणणारा. दुसऱ्या वेळी राहिलं तेव्हा मला आनंद झाला, पण तो कसला, हे मला नंतर कळलं. मला वाटलं होतं, तो परत येतोय. मला बाळ नको होतं, आई. मला प्रितेश हवा होता. आणि येणाऱ्या जिवावर हे ओझं घालायचा मला हक्क नाही.

तिसरी कुपी मला वापरायची नाही. आता ठेवायचीही नाही. त्याची दादरची जागा सोडायला लागेल.

पण तुमचा शब्द आहे. माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही, पण तुमच्यावर आहे. तुम्ही म्हणालात तर मी दर वर्षी 'ठेवा' म्हणत राहीन, तुम्ही आहात तोवर. वापरणार मात्र नाही. आणि एक भीती आहे ती पण लिहून टाकते. तेवढं एक संपलं की लालबागशी माझं नातं काय उरेल? मी तुमची कोण?

अनुजा


लालबाग,
२१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री

चि. अनुजा हिस,
पोटभर आशीर्वाद.

महिना घेतला मी. गणपतीत तू आलीस, मोदक वळलेस, आपण दोघींनी तो विषय काढला नाही. खोटं कशाला बोलू, मी रागावले होते. तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवले नाही. मनात म्हटलं, हिला काय, हिचा नवरा गेला, ही तरुण आहे. माझं सगळंच गेलं. दोन दिवस अशीच धुमसत होते. नळावर भांडले सुद्धा.

मग एकदा दुपारी भाकरी थापता थापता मनात आलं, समजा नातू झाला असता, तर मी काय केलं असतं? त्याला हाक काय मारली असती? प्रितेशच मारली असती. त्याच्या नाकात, चालण्यात, शिंकण्यात तोच शोधला असता. वडा आमटीत बुडवला नाही तर म्हटलं असतं, तुझा बाप बुडवायचा. बिचाऱ्याला स्वतःचं असं काही म्हणून ठेवलं नसतं. म्हणजे तुझं जे झालं तेच माझंही झालेलं. मलाही नातू नको होता गो. मलाही तोच हवा होता. तू लिहिलंस तेव्हा कळलं.

म्हणून आज बाणगंगेवर जाऊन आले. पुतळाबाईला मुद्दाम बरोबर नेलं, म्हणजे चाळीत सांगायचं काम मला करायला नको. शब्द दिला तेव्हा सगळ्यांसमोर दिला होता, परत घ्यायचा तोही सगळ्यांसमोर. आज तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. भटजींना म्हटलं, मला दिलेला शब्द परत घ्यायचाय. म्हणाले, आजी, असा विधी नाही. म्हटलं, मग तुम्ही तुमचं चालू द्या, मी माझं बघते.

पान ठेवलं आणि बोलले. माझं हळू बोलणं तुला माहीतच आहे, पलीकडच्या पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. म्हटलं, "झिला, मी तुका शब्द दिलंय, पण तो माझो नव्हतो. तो अनुजाचो होतो, आणि तिका मी विचारूक नाय. तिने दोनदा जीव टाकल्यान तुझ्यासाठी. पोर येवचा नाय आता. तुझा काय चुकला नाय, तिचाय काय चुकला नाय. चुकला तर माझा. तिका मोकळी कर. माकाय कर." एवढंच. रडले नाही. आवाज मात्र गेला.

कावळ्याचं विचारशील. तू लिहिलंस तसं त्या दिवशी पाऊस थांबला म्हणून आला असेल. पण मी शब्द पावसाला दिला नव्हता, तेव्हा परत घेणं भाग होतं. आज शिवला की नाही, मी पाहिलं नाही. पान ठेवून पाठ फिरवली. पुतळाबाई मागून 'गो थांब, गो थांब' करत होती. थांबले असते तर परत त्याला काहीतरी कबूल करून बसले असते.

बसमध्ये पुतळाबाईने विचारलंच. "झिल गेलो, नातू येवचो नाय. मग ता चेडू आता तुझा कोण?" मला ऐकू आलं नाही असं दाखवलं. तिने परत विचारलं, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं. मी म्हटलं, "माझा माणूस आसा ता." ती गप्प बसली. पुतळाबाई गप्प बसली, ह्यावरून काय ते समज.

आता दादरचं. सोडू ती जागा. दसऱ्यानंतरच्या सोमवारची वेळ घे, मी येते. तू नको म्हणालीस तरी येते. तो जन्मला तेव्हा मी होते. गेला तेव्हा मी त्याची पेज आणायला घरी आले होते आणि त्याच्याजवळ तू एकटी होतीस. ते मला अजून जाळतं. ह्या वेळी एकटी जाऊ नकोस. दोघी असू.

तुझी,
आई